अर्धेच विझवलेले दिवे

१

ऑबडाया ट्रँटर सापडला तो स्वतःच्याच धक्क्याच्या पायऱ्यांवर. ओहोटीनं टेम्सचं पाणी उतरलं होतं, चिखल उघडा पडला होता, आणि नाव बांधायच्या साखळीत एक हात अडकून म्हातारा पालथा पडला होता. याच पायऱ्यांवर उभं राहून त्यानं आयुष्यभर लोकांना हात देऊन वर घेतलं. त्याला हात द्यायला कुणी नव्हतं.

डॅब नावाड्यानं उजाडताच नाव सोडताना त्याला पाहिलं. सूर्य डोक्यावर यायच्या आत गावानं निकालही देऊन टाकला. म्हाताऱ्यानं जीव दिला.

गावाकडं कारणही तयार होतं. आदल्या रात्री ‘आंधळा नावाडी’ या त्याच्या पबची बाग कायमची मिटली होती. पब राहणार होता, बाग जाणार होती. नाचगाण्याचा परवाना दंडाधिकाऱ्यांनी नाकारला होता. शेवटच्या रात्री म्हातारा बँडच्या चौथऱ्यावर चढला आणि म्हणाला, उद्यापासून बाग नाही, तर मीही नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. सकाळी त्याच वाक्याचा फास झाला.

ऑबडायाच्या आजोबानं इथं नदीकाठची दलदल बुजवून चार बाकं टाकली होती. बापानं सावलीची लिंडन झाडं लावली, वेलींचे मांडव घातले, लाकडी खुंट पाडायच्या खेळासाठी लांब पडवी बांधली. ऑबडायानं झाडाझाडावर, दाट पानांच्या आडोशाला, रंगीत काचेचे दिवे टांगले. रविवारी धोबिणी यायच्या, गोदीतले हमाल यायचे, शिलाईकाम करून बोटं सुजलेल्या पोरी यायच्या. शिजवलेली वाम मासळी खायच्या, जिन प्यायच्या आणि नाचायच्या. साहेबलोक शहरातल्या नाट्यगृहात हेच करत, पण तिथं मखमलीच्या खुर्च्या असल्यामुळं ती कला होती. धोबीण नाचली की ते पाप.

अकस्मात मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरच्या कचेरीतून सार्जंट रूबेन हॅलिट आला तेव्हा प्रेत त्या खेळाच्या पडवीत, फळीवर ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवशीची चौकशीही पबच्याच लांब खोलीत व्हायची होती. गावात एवढी मोठी दुसरी खोली नव्हती, आणि पंचांचा घसाही कोरडा राहत नसे.

हॅलिटनं टोपी काढली. याच बागेत, बँडच्या चौथऱ्यामागं, त्यानं टॅबिथाला लग्नाचं विचारलं होतं. टॅबिथा जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. तिच्या थडग्यापेक्षा ती त्याला इथंच जास्त भेटायची.

ऑबडायाची मुलगी केझिया बापाच्या पायाशी उभी होती. पब तीच चालवायची. उंच, हाडापेरानं मोठी, दारुड्यांना कॉलरला धरून बाहेर काढणारी बाई. आत्ता तिचे हात कुठं ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

"सार्जंट, मला एकच सांगा," ती म्हणाली. "त्यांना आईशेजारी ठेवता येईल ना?"

 कायदा दोघांनाही पाठ होता. पंचांनी शुद्धीत केलेली आत्महत्या म्हटलं की प्रेत रात्री न्यायचं. घंटा नाही, प्रार्थना नाही, पाद्री नाही. कंदील धरायचा, खड्ड्यात ठेवायचं, परत यायचं. तेही भिंतीकडच्या कोपऱ्यात. दयाळू पंच असले की ‘वेडाच्या भरात’ असं लिहून मेलेल्याची लाज राखत. पण या पंचांचा म्होरक्या होता थिओडोर क्रॅडॉक. चर्चचा कारभारी, घरं बांधणारा कंत्राटदार, आणि बागेच्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेला माणूस. त्यालाच म्होरक्या नेमलं. न्याय आंधळा असतो म्हणतात; इथं तर त्याला हाताला धरून नेणारा माणूसही ठरलेला होता.

"मी बघतो, पोरी," हॅलिट म्हणाला, आणि तोंड लपवायला पडवीबाहेर आला.

त्यानं सहज मान वर केली. झाडांवर दिवे टांगलेले होते. तो बघत राहिला.

२

पबच्या दारापासून नदीकडं जाणाऱ्या वाटेवर सगळ्या दिव्यांत तेल शिल्लक होतं. लाल, हिरव्या, निळ्या काचेत ते उन्हानं चमकत होतं. धक्क्यावरच्या मोठ्या एल्म झाडापर्यंत असंच. त्याच्यापुढं मात्र, नदीकाठच्या वाटेवरचे सगळे दिवे कोरडे ठाक होते. वाती जळून काळ्या झालेल्या, काचा धुरानं माखलेल्या.

म्हणजे अर्धे दिवे कुणी तरी विझवले होते, आणि उरलेले आपोआप तेल संपेस्तोवर जळत राहिले होते.

दिवे विझवायचं काम ऑबडाया दुसऱ्या कुणाला करू देत नसे. बाग रिकामी झाली की लांब काठी घ्यायची, तिच्या टोकाला पत्र्याचं टोपण, आणि दारापासून सुरुवात करून एकेक दिवा झाकत नदीकाठानं शेवटच्या मांडवापर्यंत जायचं. वाटेत तो प्रत्येक दिव्याशी काहीबाही बोलायचा. पोरं त्याची नक्कल करत.

जीव द्यायला निघालेला माणूस दिवे विझवत बसेल का? बसला, असं धरू. जन्माची सवय. पण मग तो अर्ध्यावर सोडेल का? शेवटची रात्र. शेवटचे दिवे. हॅलिटच्या मनानं सरळ सांगितलं, म्हातारा एल्मखाली पोचला तेव्हा कुणीतरी आलं.

मग ती काठी कुठं गेली?

नदीत गेली असणार असं धरून त्यानं काठ पाहिला, लव्हाळे पाहिले, चिखल पाहिला. काही नाही. हताश होऊन तो चहाच्या झोपडीकडं वळला, आणि तिथं वळचणीखाली, दोन खुंट्यांवर, काठी आपल्या जागी आडवी ठेवलेली होती. दोन माणसांएवढी लांब. टोपण पुसून, टोक भिंतीकडं करून. तिच्या बुडापासून शेंड्यापर्यंत कुठं चिखल नाही, शेवाळ नाही.

ट्रँटरांच्या घरात एक शिस्त होती. काठी कुणीही घेवो, ठेवायची तिथंच, टोक भिंतीकडं. नाहीतर म्हातारा पोरांचे कान उपटायचा.

काम अर्धवट आणि काठी जागेवर. हॅलिटनं त्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या. त्या एकत्र नांदत नव्हत्या. तो वळला, आणि झोपडीमागं भिंतीला लागून असलेल्या मधमाश्यांच्या टोपल्या त्याला दिसल्या. प्रत्येक टोपलीला काळं बांधलेलं होतं.

३

यात नवल काहीच नव्हतं. घरात मयत झालं की पोळ्यांना सांगावं लागतं. नव्या मालकानं घराची किल्ली घेऊन टोपलीवर टकटक करायचं, तुमचा मालक गेला म्हणून सांगायचं, आता मालक मी म्हणायचं, आणि काळी चिंधी बांधायची. नाही सांगितलं तर माश्या रुसतात. उडून जातात, नाहीतर आतल्या आत मरतात. ऑबडायाचा बाप गेला तेव्हा रडारडीत सांगायचं राहिलं, आणि त्या हिवाळ्यात एक पोळं जगलं नाही. ही गोष्ट ट्रँटरांच्या पोरांनी दुधाबरोबर प्यायलेली होती.

हॅलिट वाकला. काळा क्रेप होता तो, शोकाच्या कपड्यांना लावतात तसला हलका, जाळीदार. टोपल्या ज्या फळीवर होत्या तिला चुन्याची सफेदी दिलेली, आणि त्या पांढऱ्या फळीवर काळे ओघळ उतरले होते. क्रेपचा रंग स्वस्तातला असतो. ओला झाला की रडतो.

डॅब नावाडी धक्क्यावर पाइप फुंकत बसला होता. त्याचं आणि ऑबडायाचं नदीच्या हक्कावरून कायम वाजायचं. ‘तुझी तिरडी माझ्याच नावेतून नेईन’ अशी धमकी त्यानं ऑबडायाला सगळ्या पबसमोर दिलेली. आता तेच खरं व्हायची वेळ आली होती, आणि डॅबचे डोळे सुजले होते.

"माझ्यावर संशय घेतोस काय रे, रूबेन?" तो म्हणाला. "घे. गेल्या कित्येक वर्षांत माझ्यावर कुणी काहीच घेतलं नाही, बायकोसुद्धा."

हॅलिटनं त्याला पावसाचं विचारलं. डॅब म्हणाला, सगळे गेल्यावर धो धो आला आणि उजाडायच्या बराच आधी थांबला. तो नावेकडं आला तेव्हा वारा सुटला होता आणि बसायची फळीही कोरडी झाली होती.

"आणि ते पोळ्यांचं काळं? ते तू बांधलंस?"

"मी? मी घरचा आहे का? किल्ली माझ्याकडं आहे का? मी ओरडलो तशी केझिया धावत आली, तेव्हा ते बांधलेलंच होतं. मला वाटलं, तिनंच बांधलं."

हॅलिट केझियाकडं गेला. ती पेले पुसत होती. सगळे धुतलेले पेले पुन्हा पुसत होती. तिनं सांगितलं की तिला वाटलं, डॅबनं बांधलं असेल.

"तू नाही बांधलंस?"

"मी?" तिनं गळ्यावर हात ठेवला. "तुम्हांला आठवत नाही? लहानपणी एकच माशी चावली होती मला. घसा इतका सुजला की आईनं पाद्र्याला बोलावलं होतं. त्या भिंतीकडं मी तेव्हापासून पाऊल टाकलेलं नाही. मध काढायला बाबा जायचे. त्याआधी आमचा अँब्रोस."

काळं पावसात भिजलं होतं. पाऊस उजाडायच्या आधी थांबला होता. प्रेत उजाडल्यावर सापडलं होतं.

ऑबडाया मेला हे गावात कुणालाही ठाऊक नव्हतं, तेव्हा कुणीतरी मधमाश्यांना सांगून गेलं होतं.

४

हॅलिटला क्रॅडॉक गुन्हेगार हवा होता. हे त्यानं स्वतःशी कबूल केलं, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. आदल्या रात्री क्रॅडॉक बागेत आला होता, एल्मखाली उभं राहून म्हाताऱ्याशी बोलला होता. केझियानं स्वतः पाहिलं होतं. त्याचा फायदाही उघड होता. ज्या घरच्या मालकानं जीव दिला त्या घराला पुन्हा परवाना मागायला कोण उभं राहील?

क्रॅडॉक त्याला पबच्या मागच्या दालनात भेटला. पंचांचा म्होरक्या म्हणून तो प्रेत बघायला आला होता. बरोबर त्याचा कारकून होता, आणि तो कारकून म्हणजे अँब्रोस ट्रँटर. ऑबडायाचा मुलगा. बापाची बाग सोडून बागेच्या शत्रूकडं नोकरीला गेलेला. त्याची बायको मर्सी वसंतात वारली तेव्हा बाप तिच्या मातीला गेला होता, पण दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

क्रॅडॉकनं शांतपणे सांगितलं की तो पाद्रीसाहेबांच्या गाडीतून, पाद्रीसाहेबांबरोबर, पावसाच्या आधी घरी गेला. रात्री त्यांच्याकडंच पत्ते खेळत बसला. पाद्री कशाला खोटं बोलेल?

"आणि एल्मखाली काय बोलणं झालं?"

"त्याला माझ्यावर राग होता. परवाना मी घालवला म्हणत होता." क्रॅडॉक हसला. "मी म्हटलं, ट्रँटर, मी फक्त अर्ज केला. इथं रात्री काय चालतं याची साक्ष तुझ्याच घरच्या माणसानं बंद खोलीत दिली. त्याला ते माहीत असायला हवं होतं, नाही का? सत्य लपवणं आपल्या धर्मात बसत नाही."

अँब्रोसनं मान वर केली नाही.

सगळे पडवीत गेले. प्रेतासमोर अँब्रोसनं टोपी काढली आणि छातीशी धरली. उंच काळी टोपी, उन्हापावसानं विटून तपकिरी पडलेली. पण कडेच्या वर, टोपीभोवती, एक रुंद पट्टा मात्र नव्यासारखा काळा होता. जणू तिथं बरेच महिने काहीतरी गुंडाळलेलं होतं आणि कालपरवाच काढलं होतं.

हॅलिट टोपीकडं बघत राहिला. मग त्याला जाणवलं की केझियाही तिकडंच बघते आहे.

"काल रात्री," हॅलिट तिला हळूच म्हणाला, "अँब्रोस आला होता?"

"कोपऱ्यातल्या मांडवात बसला होता," ती पुटपुटली. "टोपी गुडघ्यावर ठेवून. मर्सीच्या सुतकाची काळी पट्टी..." आणि तिनं ओठ घट्ट मिटले. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

बापाच्या प्रेताला भेटायला येणाऱ्या माणसाच्या अंगावर कालच्यापेक्षा कमी काळं होतं.

५

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या आधी पंच लांब खोलीत जमले. कुणी बिअर मागवली, कुणी गरम जिन. हॅलिटनं अँब्रोसला बागेत बोलावलं. दोघं टोपल्यांपाशी उभे राहिले. माश्या उन्हात ये-जा करत होत्या. एक अँब्रोसच्या बाहीवर बसली. त्यानं ती झटकली नाही.

"शहरातल्या खोलीवर झोपलो होतो म्हणालास," हॅलिट म्हणाला. "किल्ली आहे का रे अजून तुझ्याकडं? घराची?"

 अँब्रोसनं खिशातून जुनी लोखंडी किल्ली काढली. आईनं दिली होती, म्हणाला. बाबांनी मागितली नाही, मी परत केली नाही.

हॅलिटनं त्याला सगळं सांगितलं. दिवे, पाऊस, फळीवरचे ओघळ, टोपीवरचा पट्टा. आवाज न चढवता, जणू हरवलेल्या सामानाची यादी सांगतोय. अँब्रोस ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, बाबांनीच काठी उगारली. साक्ष कुणी दिली ते क्रॅडॉककडून कळलं होतं त्यांना. मी सांगायलाच थांबलो होतो, की मर्सीच्या आजारपणात नोकरी गेली असती, मालकानं जे बोलायला सांगितलं ते बोललो. त्यांनी ऐकलं नाही. मी काठी धरली. ओढाओढीत त्यांचा पाय शेवाळावरून सटकला.

"मी ढकललं नाही, सार्जंट."

"मी ते विचारलंच नाही," हॅलिट म्हणाला. "पाणी काठोकाठ होतं. त्यांनी साखळी धरली होती. काठी पाण्यात पडली असती तर ओहोटीबरोबर गेली असती. ती जागेवर आहे, अँब्रोस, आणि तिला चिखलही नाही. ती तुझ्या हातात होती. दोन माणसांएवढी लांब काठी. ती तू पुढं का केली नाहीस?"

अँब्रोसच्या बाहीवरची माशी उडाली. 

"आत क्रॅडॉकचे पंच आहेत," हॅलिट म्हणाला. "माझ्याकडं एक चिंधी आहे, एक टोपी आहे आणि एक काठी. ते हसतील. तू गप्प बसलास तर सुटशील, हे मी तुला पोलीस म्हणून सांगतो. आणि आज रात्री तुझ्या बापाला कंदील घेऊन भिंतीकडच्या कोपऱ्यात नेतील. तुझी आई एका बाजूला, तो दुसऱ्या. हे मी तुला त्या माणसाच्या बागेत लग्न ठरलेला माणूस म्हणून सांगतो."

आतून शिपायानं नावं पुकारायला सुरुवात केली.

६

लांब खोलीत कॉरोनर टेबलाशी बसला, पंच बाकांवर. क्रॅडॉक पुढं. म्हाताऱ्याचं चौथऱ्यावरचं वाक्य तीन माणसांनी शपथेवर सांगितलं. तो शुद्धीत होता का? होय, पूर्ण शुद्धीत. बँडवाल्यांचा एकेकाचा हात धरून आभार मानत होता. क्रॅडॉकनं मान डोलावली. वेडाची वाट बंद झाली.

हॅलिटनं आपलं म्हणणं मांडलं. दिव्यांचं ऐकून काही पंच गंभीर झाले. पोळ्यांचं ऐकून मात्र क्रॅडॉक हसला आणि म्हणाला की राणीच्या राज्यात आपण आता माश्यांची साक्ष काढणार का. बाकांवर खसखस पिकली. कॉरोनर मात्र हसला नाही. तो जुना माणूस होता. त्यानं केझियाला बोलावलं.

तिनं पुस्तकावर हात ठेवून शपथ घेतली. पोळ्यांना काळं कुणी बांधलं, एवढाच प्रश्न होता. हॅलिटला वाटलं, ही सांगेल. बापाला आईशेजारी ठेवायचं म्हणून सांगेल.

केझियानं आधी भावाकडं पाहिलं. मग खिडकीतून पडवीकडं, जिथं बाप फळीवर होता. मग सरळ समोर.

"मी बांधलं," ती म्हणाली. "डॅब ओरडल्यावर. आईच्या पेटीतला क्रेप होता. ओघळ आहेत ते दवाचे. मीच गेले, मीच टकटक केलं, मीच सांगितलं."

 मेलेल्याला तिनं सोडलं होतं, जिवंताला धरलं होतं. त्याला तिचा राग येईना. क्रॅडॉकनं बाकीच्या पंचांकडं वळून विचारलं, मग आता अडलं कशावर?

तेवढ्यात मागून आवाज आला. अँब्रोस हसत होता. निदान सुरुवातीला तरी ते हसू होतं.

"ही?" तो म्हणाला. "ही गेली टोपल्यांपाशी? हिला एक माशी चावली तर ही मरेल. ही लहान असताना मी हिला खांद्यावर घेऊन त्या भिंतीला वळसा घालून न्यायचो." तो उभा राहिला. टोपी त्यानं टेबलावर ठेवली, पट्टा सगळ्यांना दिसेल अशी. "केझी, खाली बस. पुरे झालं."

आणि त्यानं सांगितलं. साक्ष कुणी द्यायला लावली तेही सांगितलं, मालकाच्या तोंडावर. क्रॅडॉकनं पेला खाली ठेवला आणि नंतर तो उचलला नाही. मग कॉरोनरनं तोच प्रश्न विचारला, जो बागेत अनुत्तरित राहिला होता. काठी हातात असताना पुढं का केली नाही?

"ते साखळी धरून माझ्याकडं बघत होते," अँब्रोस म्हणाला. "हाक मारत नव्हते. मी काठी पुढं करावी म्हणून ते थांबले होते. आणि मी, त्यांनी हाक मारावी म्हणून. आम्ही ट्रँटर असेच. मग त्यांचं डोकं खाली गेलं. मी काठी पुढं केली. तेव्हा ती धरायला कुणी नव्हतं."

खोलीत कुणी पेल्याला हात लावला नाही.

"मी निघून जाणार होतो. काठी जागेवर ठेवायला गेलो, आणि टोपल्या दिसल्या. पाऊस पडत होता. त्यांना कुणी सांगितलं नाही तर त्या मरतील. मर्सीच्या पट्टीचे तुकडे केले, किल्लीनं वाजवलं. तुमचा मालक गेला, एवढं सांगितलं. दुसरं वाक्य मला म्हणता आलं नाही."

दुसरं वाक्य कुठलं, ते त्या खोलीत कुणाला सांगावं लागलं नाही.

७

पंचांनी आत्महत्या म्हटलं नाही. म्हणता आलंच नाही. अँब्रोसला सदोष मनुष्यवधासाठी सत्र न्यायालयाकडं पाठवलं, तिथून पुढं सक्तमजुरीला. क्रॅडॉकला कुणी कुठं पाठवलं नाही. बंद खोलीत साक्ष घेणं गुन्हा नसतो, आणि कारकुनाच्या पोटावर पाय ठेवून ती वदवून घेणं हाही नसतो. काही वर्षांत त्यानं ती जमीन घेतली, लिंडनची झाडं पाडली, एकसारख्या विटांची घरं उभी केली आणि त्या रस्त्याला नाव दिलं ट्रँटर्स गार्डन. मारून टाकलेल्या गोष्टीचं नाव भिंतीवर लावायला या लोकांना फार आवडतं. आतलं काही उरलं की त्यांना भीती वाटते. नाव उरलं की शोभा येते.

पण ते पुढचं. ऑबडायाला दुपारी नेलं. घंटा वाजली. धोबिणी आल्या, हमाल आले, बँडवाले वाद्यांविना आले. डॅबनं बोलल्याप्रमाणं स्वतःच्या नावेतून त्याला पलीकडच्या चर्चपर्यंत नेलं आणि भाडं किती घेणार असं विचारणाऱ्या पाद्र्याकडं असं काही पाहिलं की तो पुढं बोलला नाही. म्हाताऱ्याला बायकोशेजारी ठेवलं.

परतल्यावर हॅलिट एकटाच बागेत फिरला. चौथऱ्यामागं थोडा वेळ थांबला. मग पबकडं येताना त्याला केझिया दिसली.

ती भिंतीकडं चालली होती. तोंडावर जाळी नाही, हातात मोजे नाहीत. एका हातात अँब्रोसची किल्ली. हॅलिट हाक मारणार होता. मारली नाही. पण पाय उचलून तयार राहिला.

ती पहिल्या टोपलीपाशी थांबली. माश्या संध्याकाळच्या परतत होत्या, तिच्या केसांवरून, खांद्यांवरून. तिनं किल्लीनं टोपलीवर टकटक केलं.

"तुमचा मालक गेला," ती म्हणाली. "हे तुम्हांला सांगितलंय. पुढचं सांगायचं राहिलं होतं." तिनं श्वास घेतला. "त्यांना दिवसा नेलं. घंटा वाजली. अँब्रोसही गेला. तुम्हांला त्याचा आवाज ओळखीचा आहे, मला ठाऊक आहे. माझा नाही. पण आता घरात दुसरं कुणी नाही."

एक माशी तिच्या मनगटावर बसली. केझियानं हात हलवला नाही.

"आता मालकीण मी," ती म्हणाली, आणि दुसऱ्या टोपलीकडं गेली.